मगवरची आगबोट कानाजवळ फिकट येते? तापमान वाढवण्याआधी हे तपासा

मशीन उघडलं, टेप सोडली, कागद ओढून काढला. समोरची बाजू झकास. धुराडी लालबुंद, बोटीचं अंग काळंभोर, खिडक्यांच्या रांगा एकेक मोजता येतील इतक्या स्वच्छ. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत मग हातात फिरवला आणि कानाजवळ येता येता बोट धुक्यात शिरली. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, राखाडी. मागचं टोक त्याहून पुसट, आणि तिथल्या डोलकाठीचे दोर तर गायबच.

जुन्या आगबोटींची चित्रं सिरॅमिकच्या मगवर छापायला लागल्यापासून हा दोष मी इतक्यांदा निस्तरलाय की आता मगकडे बघण्याआधी वापरलेला कागद बघूनच बरंचसं कळतं. बहुतेक वेळा मशीन बिघडलेलं नसतं. पण पहिला हात जातो तो तापमानाच्या बटणाकडे, आणि तिथून सगळं बिघडायला लागतं. मीही तेच करायचे. टोकं फिकट आली, वाढव दहा अंश. तरी फिकट, अजून पाच. टोकं होती तशीच राहिली आणि मधली काळी बोट चॉकलेटी झाली. अख्खा एक खोका असा घालवल्यावर अक्कल आली.

हे सगळं सब्लिमेशनच्या मगबद्दल आहे, म्हणजे खास शाईने कागदावर छापून गरम मशीनमध्ये दाबून उतरवलेलं चित्र. भट्टीत भाजलेल्या चित्राची गोष्ट वेगळी, तिच्याबद्दल शेवटी थोडं लिहिलंय.

बोटीलाच हा त्रास का

फूल, नाव, बाळाचा फोटो ही मंडळी मगच्या मधोमध बसतात. कडेला काही गडबड झाली तरी तिथे रंगच नसतो, त्यामुळे दोष असूनही दिसत नाही. आगबोट आडवी आणि लांबलचक. टायटॅनिक 269 मीटर लांब आणि तळापासून धुराड्याच्या टोकापर्यंत जेमतेम 53 मीटर उंच, म्हणजे पाचास एक. 1936 साली पहिल्या सफरीला निघालेली क्वीन मेरी तर 310 मीटरची.

आता मगचं माप बघा. नेहमीचा 11 औंसांचा मग साधारण 95 मिलिमीटर उंच आणि 82 मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे घेर सुमारे 257. त्यातून कानाची जागा आणि कानाच्या दोन्ही बाजूंची, हीटर न पोचणारी पट्टी वजा करा. हाती उरतात साधारण 200 मिलिमीटर. एवढ्यात टायटॅनिक बसवली तर ती 40 मिलिमीटर उंच येते. वर आकाश रिकामं, खाली पाणी रिकामं. ती रिकामी जागा डोळ्यांना खुपते म्हणून आपण बोट ओढून मोठी करतो, 215, 220, अजून थोडी. आणि नाळ नेमकी तिथे जाऊन बसते जिथे मशीनची पकड सगळ्यात कच्ची.

पकडीला इतकं महत्त्व का, तेही सांगते. या शाईतला रंग 180 ते 200 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळत नाही, थेट वायू होतो आणि मगवरच्या पॉलिमरच्या थरात शिरतो. त्याला उष्णता, दाब आणि वेळ ही तिन्ही एकाच जागी, एकाच वेळी लागतात. कागद आणि मग यांच्यामध्ये केसाएवढी फट राहिली तर वायू थरात शिरायच्या ऐवजी इकडेतिकडे पसरतो. तापमान वाढवून फट बुजत नाही. जिथे आधीच नीट चिकटलंय तिथे मात्र करपतं.

आधी लक्षणं नीट बघा

‘फिकट आलंय’ हे अर्धवट वर्णन झालं. मग उजेडात धरा आणि फिकटपणा कुठे आणि कसा आहे ते बघा.

फक्त कानाच्या दोन्ही बाजूंना उभा पट्टा फिकट असेल, तर चित्राची लांबी किंवा टेपचा ताण. एकाच बाजूला असेल तर नव्वद टक्के टेपच. कागद एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला सैल राहिलाय.

वर ओठांच्या कडेला किंवा खाली बुडाशी आडवा पट्टा फिकट असेल, म्हणजे धुराड्यांतून निघणारा धूर वर जाताना विरल्यासारखा दिसत असेल, तर मगचा आकार किंवा मशीनचा दाब.

रेषा दुहेरी दिसत असतील, डोलकाठीशेजारी तिची सावली उभी असेल, तर कागद गरम असताना सरकलाय.

काळं तपकिरी झालंय आणि बारीक रेषाही फुगल्यात, हे जास्त भाजल्याचं लक्षण. काळं फिकं पडलंय पण रेषा मात्र धारदार आहेत, तर कमी भाजलंय. हा फरक ओळखायला शिकलात तर अर्धं काम झालं. रंगाकडे बघून फसायला होतं, दोरांकडे बघून नाही. जुन्या जहाजचित्रांत बारीक दोर भरपूर असतात, ही आपल्याला मिळालेली फुकटची मोजपट्टी आहे.

जास्त भाजल्यावर मगचा पांढरा थरही पिवळट पडतो. पण विंटेज चित्रांची पार्श्वभूमी मुळातच जुन्या कागदासारखी मलईच्या रंगाची ठेवलेली असते, त्यामुळे पिवळेपणा तिच्यात बेमालूम लपतो. म्हणून तो चित्रात शोधू नका. कानाच्या आत, जिथे काही छापलेलं नाही, तिथलं पांढरं आणि कोऱ्या मगचं पांढरं शेजारी धरून बघा.

सगळीकडे सारखंच फिकट असेल आणि धुतल्यावर अजून जात असेल, तर दाब-बिब विसरा. शाई तरी चुकीची आहे, नाहीतर मग तरी.

आणि एक दोष नसलेला दोष. चार धुराड्यांपैकी तीनमधूनच धूर निघतोय, चौथ्याचा छापायचा राहिला, अशी तक्रार माझ्याकडे दोनदा आली आहे. टायटॅनिकच्या चौथ्या धुराड्यातून बॉयलरचा धूर जातच नव्हता, ते मुख्यतः हवा खेळती ठेवायला होतं. 1935 च्या नॉर्मंडी या बोटीचं तिसरं धुराडंही नुसतं शोभेचं होतं. चित्रकाराचं बरोबर, आपलं मशीनही बरोबर.

वापरलेला कागद फेकू नका

फुकटातली सगळ्यात कामाची तपासणी हीच, आणि नेमका हाच कागद आपण चुरगाळून टाकतो. तो उलगडून मगच्या शेजारी ठेवा, फिकट भाग समोरासमोर येतील असा.

मगवर नाळ फिकट आणि कागदावर त्याच जागी रंग अजून गडद शिल्लक असेल, तर रंग उडालाच नाही. तिथे उष्णता किंवा दाब पोचला नाही. थोडा रंग कागदावर नेहमीच राहतो, त्याने दचकू नका. मधल्या भागातल्या उरलेल्या रंगाशी तुलना करा.

कागदही कोरा आणि मगही फिकट, असं असेल तर रंग उडाला पण दुसरीकडे गेला. कागदाची पाठ आणि मशीनची रबरी गादी बघा. गादीवर डाग दिसेल. असा डाग पुढच्या मगवर उतरतो आणि एका बोटीच्या मागे दुसरी भुतासारखी तरंगताना दिसते. गादी आणि कागद यांच्यामध्ये दर वेळी साधा कोरा कागद घातला तर हे टळतं. तो कागद प्रत्येक मगला नवा. काटकसर इथे करू नका.

कागदावर ओलाव्याच्या लाटांसारख्या खुणा असतील तर कागद दमट होता. दमट कागदातून वाफ सुटते, वाफ कागदाला मगपासून ढकलते आणि रंग ठिपक्याठिपक्यांनी फुटतो.

आता तपासणी, सोप्यापासून सुरू

फाइलपासून सुरू करा, कारण तिला एक पैसा लागत नाही. बोटीची लांबी मोजा, कागदाची नाही. नाळेच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत. मी 190 मिलिमीटरच्या पुढे जात नाही. चित्र कानापर्यंत न्यायचंच असेल तर टोकांना पाणी, आकाश, धुराचा शेपटा येऊ दे. धूर फिकट झाला तर तो धूरच वाटतो. नाळ फिकट झाली तर चूक वाटते. समोरून काढलेली बोट, नाळ अंगावर येणारी, धुराडी मागे उंच गेलेली, अशी मिळाली तर सोन्याहून पिवळं. उभं चित्र मधोमध बसतं आणि हा सगळा लेख वाचायची गरज उरत नाही.

छापताना चित्र आरशातल्यासारखं उलटं केलंय ना, हेही इथेच बघा. याचा फिकटपणाशी संबंध नाही, पण बोटीच्या बाबतीत ही चूक सहज निसटते. माणसाचा चेहरा किंवा मोठी अक्षरं उलटी आली की लगेच कळतं. उलटी बोट फक्त दुसऱ्या दिशेला जाते, इतकंच. नाळेवरचं बारीक नाव वाचायला जाईपर्यंत पत्ताच लागत नाही.

त्यानंतर एक पान खर्चून प्रिंटरचं नोझल तपासून घ्या. काळ्या किंवा लाल रंगाच्या रेषेत तुटक जागा दिसली तर हेड साफ करा आणि पुन्हा बघा. कागदावरचं चित्र मात्र मळकट, निस्तेज दिसलं म्हणून घाबरू नका. सब्लिमेशनची शाई कागदावर तशीच दिसते, रंग खुलतात ते भाजल्यावर. टाकीत शाई सब्लिमेशनचीच आहे ना, हे विचारायला मला संकोच वाटतो, पण विचारते. साधी शाई मगवर डाग पाडते आणि पहिल्या धुण्यात निघून जाते.

कागद योग्य बाजूने छापलाय का? छापायची बाजू सहसा जास्त पांढरी असते. कागद बंद पिशवीत ठेवा. हवा दमट असेल तर छापलेला कागद लावण्याआधी काही सेकंद गरम जागी धरून सुकवून घ्या. मशीनच्या आत घालायची गरज नाही, उघड्या मशीनजवळची ऊब पुरते.

मग पुसलात का? फडक्याने नव्हे, धागे न सुटणाऱ्या कापडाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने. बोटांचा तेलकटपणा रंगाला अडवतो आणि कपड्याचा एक सूक्ष्म तंतू निळा ठिपका होऊन बसतो. मलईच्या रंगाच्या आकाशात तो ठिपका किती उठून दिसतो ते एकदा बघितलं की विसरत नाही. पुसल्यावर मग कानाला धरून उचला.

टेप, जिथे खरी गोम आहे

माझ्याकडे आलेल्या फिकट नाळांपैकी अर्ध्याहून जास्त इथेच सुधारल्या, म्हणून जरा सावकाश सांगते.

बहुतेक जण कागद मगभोवती गुंडाळतात, एक टेप डाव्या टोकाला, एक उजव्या टोकाला आणि झालं. कागद बसलेला दिसतो. आता नखाने कानाजवळच्या कागदावर हलकी टिचकी मारा. टपटप असा पोकळ आवाज आला तर खाली हवा आहे. नीट बसलेल्या कागदावर टिचकीचा आवाज मगचाच येतो, टणक.

मी असं करते. कागदाची उंची मगपेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी कापते, म्हणजे कडा वर-खाली दुमडत नाहीत. कानाच्या बाजूला कागद कानाच्या बुडख्यावर चढणार नाही इतकाच ठेवते. चढला की तिथे तंबू उभा राहतो आणि तंबूखाली रंग उतरत नाही. आधी एक टोक वर, मधे आणि खाली अशा तीन तुकड्यांनी चिकटवते. मग टेबलावर आडवा, अंगठ्याने कागद मगवर घासत घासत दुसऱ्या टोकाकडे जायचं, जशी वहीवर कव्हर चढवताना हवा काढतो तशी. दुसरं टोक ओढून धरायचं आणि तिथेही तीन तुकडे. शेवटी एक लांब टेप कानाच्या पोकळीतून, दोन्ही टोकांना जोडणारी. ही शेवटची टेप लोक लावत नाहीत आणि नाळेला नेमकी तीच वाचवते.

टेप उष्णतेला टिकणारीच हवी. चित्राच्या गडद भागावरून ती नेऊ नका, काळ्या अंगावर तिची पुसट रेघ उठू शकते. आणि मशीनमधून मग निघाला की कागद एका झटक्यात, एकाच दिशेने काढा. हळूहळू सोलत बसलात तर गरम कागद पुन्हा मगला टेकतो आणि डोलकाठीला जुळी बहीण मिळते.

मग सरळ आहे का?

स्टीलची पट्टी मगच्या अंगाला उभी लावा आणि पलीकडून उजेड येऊ द्या. पट्टी आणि मग यांच्यामध्ये उजेडाची चीर दिसली तर तिथे भिंत आत गेलेली आहे. कानाजवळ हे जास्त आढळतं. एकाच खोक्यातले दोन मग वेगळे निघतात, म्हणून प्रत्येक तपासा, निदान ज्याच्यावर लांब चित्र जाणार आहे तो तरी. चीर असलेला मग टाकू नका, त्यावर मधोमध छोटं चित्र छापा.

टिचकी मारून आवाजही ऐका. तडा गेलेला मग बद्द वाजतो. तो मशीनमध्ये दाबाखाली फुटला तर गादी फाडतो.

वरच्या थराची शंका असेल तर दुसऱ्या खेपेतला एक मग घेऊन तोच कागद, तीच टेप, तीच वेळ लावून बघा. तो चांगला आला तर तुमची पद्धत बरोबर आहे आणि पहिल्या खेपेचा थर कच्चा आहे. साध्या सिरॅमिकच्या मगवर हा थर नसतोच. त्यावर कितीही भाजलं तरी बोट तरणार नाही.

दाब

मशीन बंद, प्लग काढलेला, पूर्ण थंड. साध्या कागदाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा. मग आत ठेवून पट्ट्या वर, मधे, खाली आणि कानाच्या दोन्ही बाजूंना, मग आणि गादी यांच्यामध्ये अडकवा. दांडा नेहमीसारखा बंद करा आणि एकेक पट्टी ओढा. सगळ्या सारख्याच अडायला हव्यात. मधली निघता निघत नाही आणि कानाजवळची अलगद सुटते, असं असेल तर दाबाचा स्क्रू थोडा आवळा आणि पुन्हा बघा. थोडा म्हणजे पाव फेरा. दांडा लावताना दोन्ही हातांचा जोर लागत असेल तर जास्त झालं. अशाने मग तडकतो आणि हीटर वाकतो.

खूप आवळूनही कानाजवळची पट्टी सुटत असेल, तर हीटर मुळातच तिथवर पोचत नाही. हा बिघाड नाही, त्या मशीनची ती मर्यादा आहे. अशा वेळी मग अर्धा भाजून, फिरवून पुन्हा भाजायचा सल्ला कोणीतरी देईल. मी करून पाहिलंय: मधला भाग दोनदा भाजला जातो आणि धुराडी करपतात. कानापर्यंत चित्र हवंच असेल तर सिलिकॉनचा पट्टा मगभोवती आवळून ओव्हनमध्ये भाजण्याची पद्धत जास्त बरी. तो ओव्हन पुन्हा खाण्याच्या कामासाठी वापरायचा नाही, आणि खोलीत हवा खेळती हवी. मशीनलाही हीच हवा लागते. तापलेल्या शाईचा वास कोंडून ठेवू नये.

आता कुठे वेळ आणि तापमान

इतकं सगळं करूनही फिकटच येत असेल तर मी आकड्यांना हात लावते, आणि तेही वेळेपासून. माझी सुरुवात 190 अंश आणि 180 सेकंद. तुमच्या मगच्या आणि शाईच्या खोक्यावर दिलेले आकडे वेगळे असतील तर तिथूनच सुरू करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, पंधरा-पंधरा सेकंदांनी.

त्यासाठी खास चित्र बनवून ठेवलंय: तीन ठिपके आणि एक जाळी. एक ठिपका काळा. एक क्यूनार्ड या जहाज कंपनीच्या धुराड्यांसारखा नारिंगी झाक असलेला लाल. एक टायटॅनिकच्या कंपनीच्या, व्हाइट स्टार लाइनच्या धुराड्यांसारखा बदामी. जाळी केसासारख्या रेषांची, दोरांच्या जागी. बिघडलेल्या मगच्या मोकळ्या भागावर हे छापते आणि बुडावर मार्करने वेळ आणि तापमान लिहिते. माझ्या अनुभवात जास्त भाजल्यावर सगळ्यात आधी चुगली करतो तो बदामी, तो मातकट होतो. काळा त्याच्या नंतर. जाळी फुगली की थांबायचं, आदल्या मगचे आकडे बरोबर होते.

दिवसातला पहिला मग फिकट आणि तिसऱ्या-चौथ्यापासून चांगले, असं होत असेल तर आकडे बदलूच नका. मशीन पुरेसं तापलेलं नाही. पडद्यावर 190 दिसतात ते हीटरचे. थंड सिरॅमिक आत गेलं की ते आकडे घसरतात, आणि काही मशीनं घसरलेल्या आकड्यांवरच वेळ मोजायला सुरुवात करतात. एक रद्दीतला मग घालून आधी एक फेरी रिकामी चालवा. उलट, पहिले चांगले आणि पुढचे करपलेले, तर दोन मगच्या मध्ये मशीन उघडं ठेवून थोडा श्वास घेऊ द्या.

गादी आणि हीटर

मशीन थंड करून आत हात फिरवा. गादीवर खड्डा, सुरकुती, फाटलेला कोपरा लागतो का? कानाच्या बाजूची कड सगळ्यात आधी झिजते, कारण प्रत्येक मग आत-बाहेर होताना तिथेच घासतो. झिजलेली गादी म्हणजे कायमची फट, टेप कितीही कसून लावली तरी.

तापमान खरं आहे का ते बघायला तापमानाने रंग बदलणाऱ्या पट्ट्या मिळतात. त्या मगवर वेगवेगळ्या जागी चिकटवून एक फेरी चालवली की कुठे किती पोचतं ते कळतं. लांबून मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर खोटं सांगतो. तिथे वापरायचाच तर धातूवर काळपट, चमक नसलेल्या टेपचा तुकडा लावून त्यावर मोजा.

बऱ्याच मशीनमध्ये हीटर प्लगने जोडलेला असतो आणि स्क्रू काढून बदलता येतो. तुमचा तसा असेल तर त्याच मापाचा, त्याच व्होल्टेजचा आणि त्याच वॉटचा आणा. ‘जवळपास सारखा’ चालत नाही. तारा थेट आत गेलेल्या असतील तर तो बदलण्याचं काम तुमचं नाही.

इथे थांबा, जाणत्याला बोलवा

मशीनच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या आल्या, प्लग किंवा वायर गरम लागली, रबर जळल्याचा वास आला, मशीन लावलं की घरातला ब्रेकर पडला, किंवा आकडा 190 वर न थांबता चढतच गेला, तर बोट, नाळ, टेप सगळं विसरून प्लग काढा. चालू असलेला प्लग ओढायला हात कचरत असेल तर आधी मेन बंद करा. त्यानंतर ‘एकदाच लावून बघू’ नाही. कंट्रोल बॉक्स उघडायचा नाही, आत रिले आणि विजेच्या जिवंत तारा असतात. इलेक्ट्रिशियनला किंवा मशीन दुरुस्त करणाऱ्याला सांगताना लक्षण नेमकं सांगा: ‘गरम होत नाही’ आणि ‘गरम व्हायचं थांबत नाही’ या दोन तक्रारींमध्ये बिघडलेला भाग वेगळा असतो.

पडद्यावरचा आकडा एकाच जागी न राहता दहा-वीस अंशांनी उड्या मारत असेल तर तापमान मोजणारा सेन्सर सैल झालेला असू शकतो. हेही त्याच माणसाचं काम.

फिकट आलेला मग पुन्हा छापून वाचवता येईल का, असं सगळेच विचारतात. नाही. तीच बोट त्याच जागी पुन्हा बसत नाही, आणि आधीचा रंग दुसऱ्यांदा तापल्यावर पसरतो. त्याचा तपासणीचा मग करा, नाहीतर पेनं ठेवा.

चित्र नवीन असताना छान होतं आणि काही महिन्यांनी उतरलं, तर त्यात मशीनचा दोष कमी आणि वापराचा जास्त. डिशवॉशर आणि खिडकीतलं ऊन हे दोघे सब्लिमेशनचे वैरी. मऊ स्पंजने, हाताने धुवा.

राहिला तो खरोखरचा जुना मग, आजोबांच्या काळातला, बोटीचं चित्र पुसट होत चाललेला, आणि ‘ताईंकडे मशीन आहे, त्या रंग भरून देतील’ म्हणून माझ्यापुढे ठेवलेला. त्याचं चित्र काचेच्या झिलईवर लावून भट्टीत सातशे-आठशे अंशांना भाजलेलं असतं. त्यावर आपली शाई धरणार नाही, आणि मशीनच्या दाबाने तो फुटण्याचीच शक्यता जास्त. शिवाय जुन्या रंगांत शिसं किंवा कॅडमियम असू शकतं, त्यामुळे चित्र खरवडलं जात असेल तर त्यातून काही पिऊ नका, आंबट तर नाहीच. तो मऊ कापडात गुंडाळून सिरॅमिकच्या वस्तूंचं जतन करणाऱ्या माणसाकडे न्या. माझ्याकडे आणलात तर मी तो हातात घेऊन दोन मिनिटं कौतुकाने बघेन आणि तसाच परत देईन.